हिणवणारा शब्द आपलासा करताना

वंशवाचक शिवी इतर शिव्यांपेक्षा वेगळी असते. साधी शिवी माणसाच्या वागण्यावर, फार तर स्वभावावर घाव घालते. वंशवाचक शिवीला समोरच्याने काय केले याच्याशी देणेघेणे नसते. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच तिला पुरते. ती एकाला उद्देशून उच्चारली, तरी तिच्यात त्याचे आईवडील, त्याची मुलेबाळे आणि त्याचा सारा समाज ओढला जातो. शिवाय अशा शब्दामागे बहुधा दीर्घ इतिहास उभा असतो. तो शब्द तोंडात असणाऱ्यांच्या हाती कधीकाळी चाबूक, जमीन, न्यायालय आणि तुरुंग हे सारे होते, म्हणूनच त्या शब्दाला धार आली.

अशा शब्दांचे करायचे काय, यावर जगभर वाद आहे. काहींच्या मते ते कायमचे गाडून टाकावेत. काहींच्या मते ज्यांना ते चिकटवले गेले त्यांनीच ते उचलून आपलेसे करावेत, म्हणजे हिणवणाऱ्याच्या हातातले शस्त्र बोथट होईल. इतिहास, साहित्य आणि न्यायदान यांपुरते ते जसेच्या तसे राहू द्यावेत, असे मानणारा तिसरा पक्षही आहे. हा वाद सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत तीव्रतेने चालला तो अमेरिकेत, कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरल्या गेलेल्या एका शब्दावरून. इंग्रजीत आता तो सहसा पूर्ण उच्चारत नाहीत, ‘एन-वर्ड’ असे म्हणतात. येथेही तोच संकेत पाळला आहे.

वर्णनाची शिवी कशी झाली

या शब्दाचे मूळ निरुपद्रवी आहे. लॅटिन भाषेतील ‘काळा’ या अर्थाच्या विशेषणापासून स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत ‘निग्रो’ हा शब्द आला आणि तेथून इंग्रजीत त्याची वेगवेगळी रूपे रुळली. ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसएक आफ्रिकी माणसे विक्रीसाठी उतरवली गेली. त्या काळच्या कागदपत्रांत या शब्दाची जी रूपे आढळतात, ती बहुधा वर्णनापुरती आहेत.

पुढे गुलामगिरी पक्की होत गेली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या दर्जावरून ठरेल. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता झाले. माणसाचा रंग आणि त्याचा दर्जा एकदा असे एकत्र बांधले गेल्यावर रंगाचे नाव हेच हीनतेचे नाव ठरले. १८३७ मध्ये होझिया ईस्टन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथात याची स्पष्ट नोंद केली. एका वंशाला हीन ठरवून त्याच्यावर तुच्छता लादण्यासाठी हा शब्द वापरला जातो आणि गोऱ्या घरांत लहान मुलांना भीती घालतानाही तो सर्रास उच्चारला जातो, असे त्याने लिहिले. म्हणजे हा शब्द शिवी आहे की नाही, याविषयी ज्यांना तो ऐकावा लागे त्यांच्या मनात तेव्हाही संदेह नव्हता.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, शब्द मात्र राहिला. दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाचे कायदे आले, झुंडीने पकडून फासावर लटकवण्याचे प्रकार होऊ लागले आणि अशा प्रत्येक प्रसंगी हा शब्द गर्दीच्या तोंडी असे. विक्रीच्या वस्तूंची नावे, मुलांची बडबडगीते, डोंगर-ओढ्यांची नावे यांतही तो शिरला. अमेरिकेच्या सरकारी नकाशांतील स्थलनामांतून तो सरसकट काढण्याचा निर्णय १९६३ मध्ये झाला. ब्रिटनमध्येही त्याची बोच फार उशिरा जाणवली. अगाथा ख्रिस्तीची एक गाजलेली रहस्यकादंबरी १९३९ मध्ये तेथे हाच शब्द असलेल्या शीर्षकाने निघाली आणि पुढे अनेक दशके तशीच छापली जात राहिली. अमेरिकी प्रकाशकाने मात्र सुरुवातीपासूनच तिचे नाव बदलले होते. फ्रेंच अनुवादाचे शीर्षक तर २०२० मध्ये बदलले.

स्वतःचे नाव ठरवण्याचा लढा

शिवीचा प्रश्न समाजाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘निग्रो’ हा शब्द कृष्णवर्णीय नेतेही अभिमानाने वापरत. त्याचे आद्याक्षर मोठ्या लिपीत छापले जावे, यासाठी त्यांनी मोहीम चालवली आणि १९३० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती मागणी मान्य केली. १९२८ मध्ये एका शाळकरी मुलाने विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून या नावालाच हरकत घेतली. डुबॉईस यांनी ‘द क्रायसिस’ या आपल्या नियतकालिकातून त्याला उत्तर दिले. दुखणे नावात नसून परिस्थितीत आहे, केवळ नाव बदलल्याने तिरस्कार करणाऱ्यांचे मन बदलणार नाही, असा त्याचा आशय होता.

१९६० च्या दशकात नव्या पिढीने वेगळी वाट धरली. ‘ब्लॅक’ हा तोवर दुखावणारा शब्द होता. कृष्णवर्णीय घरांतही तो एकमेकांना हिणवण्यासाठी वापरत. नागरी हक्क चळवळीतील तरुण नेते स्टोकली कारमायकेल यांनी १९६६ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि १९६८ मध्ये गायक जेम्स ब्राउन यांचे कृष्णवर्णाचा अभिमान जाहीर करणारे गाणे देशभर गाजले. बघता बघता ‘ब्लॅक’ हे अभिमानाचे नाव झाले आणि ‘निग्रो’ जुनाट व अवमानकारक वाटू लागला. १९८८ च्या अखेरीस कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन-अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’चे आद्याक्षर मोठे लिहिण्याचे ठरवले. दुखावणारा शब्द खरोखर आपलासा करता येतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ‘ब्लॅक’ हाच शब्द.

मराठीत ‘निग्रो’ हा शब्द जुन्या पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांतून आला तो त्या काळच्या अमेरिकी वापराला धरून. त्यामागे तुच्छतेचा हेतू असेलच असे नाही. परंतु ज्यांचे ते नाव होते त्यांनीच ते टाकून दिले आहे. आज मराठीत लिहिताना किंवा बोलताना ते वापरत राहण्याचे कारण उरलेले नाही.

आपलेसे करण्याचे प्रयत्न

एन-वर्डची गोष्ट ‘ब्लॅक’इतकी सरळ झाली नाही. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय माणसे आपापसांत हा शब्द कधी थट्टेने, कधी आपुलकीने, कधी रागाने वापरत आली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खासगी वापर चारचौघांत आला. विनोदकार आणि नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते डिक ग्रेगरी यांनी १९६४ मध्ये आपल्या आत्मचरित्राला हाच शब्द शीर्षक म्हणून दिला. लपवून ठेवलेली शिवी उजेडात आणली, तिच्याकडे रोखून पाहिले, तर तिची ताकद कमी होईल, असा त्यामागचा विचार होता. १९७४ मध्ये रिचर्ड प्रायर यांच्या विनोदी कार्यक्रमाच्या अल्बमच्या नावातही हा शब्द होता आणि त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील तरुणांच्या रॅप गटाने तो आपल्या गटाच्या नावातच घेतला. पोलिसी अत्याचाराविरुद्ध बोलणाऱ्या त्यांच्या गाण्यांनी तो घराघरांत पोहोचवला.

या वापरात शब्दाचा उच्चारही बदलला. शेवटचा ‘र’ गळून त्या जागी ‘अ’ आला. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांच्यासारखे काहीजण म्हणतात की, हा आता निराळाच शब्द आहे. मित्राला ‘दोस्ता’ किंवा ‘गड्या’ म्हणावे तसा. विरोधकांना हा भेद पटत नाही. एक अक्षर बदलल्याने आजोबांनी ऐकलेली शिवी पुसली जात नाही, असे ते म्हणतात.

समाजातच दोन मते

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, कृष्णवर्णीयांनी हा शब्द स्वीकारला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सर्वांत कठोर विरोध त्याच समाजातून झाला आहे. रिचर्ड प्रायर १९७९ मध्ये केनियाला गेले. तेथे हॉटेलात, रस्त्यावर, कचेऱ्यांत, सर्व तऱ्हेची कामे करणारी कृष्णवर्णीय माणसे त्यांनी पाहिली आणि यांतल्या एकालाही हा शब्द लावता येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. परतल्यावर त्यांनी तो सोडल्याचे जाहीर केले. ज्या कलावंताने हा शब्द रंगमंचावर सर्वाधिक गाजवला, त्यानेच तो टाकून दिला, याला या वादात मोठे वजन आहे.

फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नगर परिषदेने हा शब्द न वापरण्याचे आवाहन करणारा ठराव केला. त्याला शिक्षेचे बळ नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या व प्रमुख संघटनेने डेट्रॉइटमध्ये शवपेटी काढून या शब्दाचा प्रतीकात्मक दफनविधी केला. त्यांचे म्हणणे सरळ होते. ज्या शब्दाच्या आरोळीत माणसे मारली गेली, तो प्रेमाचा होऊ शकत नाही. समाज स्वतः तो वापरतो तेव्हा वंशद्वेष्ट्यांना आयते निमित्त मिळते. शिवाय बंडाची भाषा म्हणून सुरू झालेला हा वापर संगीताच्या बाजारात विकाऊ माल होतो आणि त्याचा नफा भलतेच लोक नेतात.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच गंभीर आहे. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक रँडल केनेडी यांनी २००२ मध्ये या एकाच शब्दावर पुस्तक लिहिले. ते स्वतः कृष्णवर्णीय आहेत. एकच शब्द शिवी, थट्टा, निषेध आणि जवळीक अशा अनेक कामांसाठी वापरला जातो. त्यामुळे सरसकट बंदी घातली, तर वंशद्वेषाविरुद्ध लिहिणारा लेखकही गुन्हेगार ठरेल, असे त्यांनी दाखवून दिले.

मग बाहेरच्या माणसाने तो वापरावा का? मे २०१८ मध्ये अलाबामातील एका संगीत महोत्सवात रॅप गायक केंड्रिक लामार यांनी एका गोऱ्या चाहतीला आपल्यासोबत गाण्यासाठी मंचावर बोलावले. तिने गाण्यातला हा शब्द जसाच्या तसा उच्चारताच त्यांनी तिला थांबवले. गाणे त्यांचेच, शब्दही त्यांचाच, मग तिला मनाई का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. लेखक टा-नहासी कोट्स यांनी त्याच्या आदल्या वर्षी एका व्याख्यानानंतर याचे समर्पक उत्तर दिले होते. पत्नी पतीला ज्या लाडक्या नावाने हाक मारते, त्या नावाने रस्त्यावरच्या परक्या बाईने त्याला हाक मारावी, असे कोणी म्हणत नाही. नाते शब्दाला अर्थ देते. शिवाय सारे काही आपल्यासाठी खुले असावे अशी सवय झालेल्यांना एखादी गोष्ट वर्ज्य असणे म्हणजे काय, याचा थोडा अनुभव यातून मिळतो, असेही त्यांनी सांगितले.

उच्चार वेगळा, उल्लेख वेगळा

शिवी देणे आणि शिवीविषयी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये हा शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. ही कादंबरी गुलामगिरीला माणुसकीचा आरसा दाखवते. पळून आलेला गुलाम जिम हाच तिच्यातला सर्वांत थोर मनाचा माणूस आहे. तरीही तिच्या वर्गातील वाचनावर अनेक पालकांनी हरकत घेतली. वर्गात एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी असेल आणि शिक्षक व सहाध्यायी तो शब्द पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत असतील, तर त्या मुलाला काय वाटेल, हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. २०११ मध्ये एका प्रकाशकाने त्या शब्दाच्या जागी ‘गुलाम’ घालून नवी आवृत्ती काढली. तिच्यावर झालेली टीकाही रास्त होती, कारण इतिहास सौम्य करून सांगितला की त्यातला अन्यायही सौम्य भासू लागतो. समंजस तोडगा असा की, छापील संहिता बदलू नये. मोठ्याने वाचताना तो शब्द टाळावा आणि तो तेथे का आहे हे मुलांना नीट समजावून सांगावे.

कायदा कुठवर जातो

अमेरिकेत भाषणस्वातंत्र्याला संरक्षण देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळे केवळ शब्द उच्चारणे हा सहसा गुन्हा ठरत नाही. १९४२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तोंडावर दिलेल्या, तत्काळ मारामारीला चिथावणाऱ्या शिव्यांना या संरक्षणातून वगळले. पण तो अपवाद अतिशय अरुंद आहे. २०१७ मध्ये याच न्यायालयापुढे आशियाई वंशाच्या सायमन टॅम या संगीतकाराचा खटला आला. पूर्व आशियाई लोकांच्या डोळ्यांवरून दिली जाणारी शिवी त्याने मुद्दाम आपल्या वाद्यवृंदाला नाव म्हणून दिली होती आणि अवमानकारक म्हणून सरकार तिची व्यापारचिन्ह नोंदणी नाकारत होते. न्यायालयाने एकमताने टॅमच्या बाजूने निकाल दिला. याच निकालाचा आधार मूलनिवासींना हिणवणारे नाव मिरवणाऱ्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघालाही मिळाला. शब्द आपलासा करणारा आणि त्याने हिणवणारा यांत कायद्याला फरक करता आला नाही. त्या संघाने अखेर २०२० मध्ये नाव सोडले ते प्रायोजकांच्या आणि जनमताच्या दबावामुळे.

नोकरीच्या ठिकाणी मात्र नियम कडक आहेत. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका खटल्यात कृष्णवर्णीय महिलेला तिच्या वरिष्ठाने एन-वर्ड वापरल्याबद्दल ज्युरीने अडीच लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. वरिष्ठ स्वतःही कृष्णवर्णीय होता आणि आपण आपुलकीने बोललो, असा त्याचा बचाव होता. तो मान्य झाला नाही. दक्षिण आफ्रिकेने वेगळा मार्ग घेतला आहे. तेथे अरबी ‘काफिर’पासून आलेला शब्द वंशभेदाच्या राजवटीत कृष्णवर्णीयांसाठी सर्वांत घृणास्पद शिवी बनला. २००० च्या समता कायद्यात द्वेषमूलक भाषणाला मनाई आहे आणि २०१८ मध्ये पोलिसांना व इतरांना त्या शब्दाने वारंवार शिवीगाळ करणाऱ्या एका महिलेला न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

‘कुली’ आणि भारतीय अनुभव

भारतीयांनाही हा इतिहास परका नाही. ब्रिटिश वसाहतींत करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना सरसकट ‘कुली’ म्हणत. त्या मजुरांची एक सुरुवातीची तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसला उतरली आणि पुढे जवळजवळ पाच लाख माणसे तेथे पोहोचली. मुंबई बंदरातून गेलेली कोकणची मराठी कुटुंबेही त्यांत होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आपले मराठीपण जपून आहेत. कामाचे नाव हळूहळू वंशाचे नाव झाले. दक्षिण आफ्रिकेत वकिली करायला गेलेले गांधीजीही ‘कुली बॅरिस्टर’च ठरले. गयानाच्या लेखिका राजकुमारी सिंग यांनी १९७३ मध्ये ‘मी कुली आहे’ असे ठणकावून सांगणारा निबंध लिहिला. मॉरिशसचे कवी खल तोराबुली यांनी १९९२ मध्ये ‘कुलीट्यूड’ ही संकल्पना मांडली. आपल्या पूर्वजांच्या कष्टांची लाज का वाटावी, हा त्यांचा सवाल होता. मात्र मजूर जेथे उतरत, त्या पोर्ट लुईसमधील ‘कुली घाटा’चे नाव बदलून ‘आप्रवासी घाट’ झाले आणि २००६ मध्ये याच नावाने ते जागतिक वारसास्थळ ठरले. साहित्यात शब्द आपलासा झाला, स्मारकावर तो नको वाटला. दोन्ही निर्णय त्याच समाजातून आले.

महाराष्ट्राने हाच प्रश्न जातीच्या संदर्भात अनुभवला आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास भाऊराव गायकवाडांनी विरोध केला आणि तो डावलला गेल्यावर डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. सद्भावनेने दिलेले नावही लादलेले असेल तर ते नाकारण्याचा हक्क त्यांनी बजावला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेकडून नावाची प्रेरणा घेतली आणि ‘दलित’ हे झुंजार नाव म्हणून देशभर नेले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणे हा गुन्हा ठरवला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला.

तरीही ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना ‘चिंकी’ आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना ‘हबशी’ म्हणणे थांबलेले नाही. ‘हबशी’ हे मुळात अ‍ॅबिसिनियाच्या अरबी नावावरून आलेले. मलिक अंबरसारख्या कर्तबगार पुरुषालाही ते लावले जाई. तो संदर्भ सुटला आणि उरली ती रंगावरची टवाळी. वेस्ट इंडिजच्या क्रिकेट संघाचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने २०२० मध्ये सांगितले की, आयपीएलमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हणत आणि त्याचा अर्थ कौतुकाचा असेल असे आपण समजत होतो. अर्थ कळल्यावर त्याला दुःख झाले. म्हणणाऱ्याचा हेतू प्रेमाचा असला, तरी ज्याला म्हटले गेले त्याचे मत विचारलेच गेले नव्हते.

निवाडा

या साऱ्या इतिहासातून काही गोष्टी पक्क्या होतात. शब्द आपलासा करण्याचा हक्क फक्त ज्यांनी त्याची झळ सोसली त्यांचा आहे आणि तो नाकारण्याचा हक्कही त्यांचाच. त्या समाजात एकमत नसेल, तर त्यांतल्या एका बाजूचे बोट धरून बाहेरच्याने परवाना मागू नये. शब्द केवळ उच्चारून आपलासा होत नाही. ‘ब्लॅक’ आणि ‘दलित’ ही अभिमानाची नावे झाली ती त्यांच्यामागे संघटना, साहित्य आणि रस्त्यावरचा लढा होता म्हणून. ज्या शिवीमागे अजूनही अन्याय जिवंत आहे, ती कितीही गाण्यांतून गायली तरी शिवीच राहते. बाहेरच्या माणसाचे काम अवघड नाही. समोरच्या माणसाला त्याने स्वतः निवडलेल्या नावाने हाक मारावी, त्याला जे खुपते ते उच्चारू नये आणि आपल्यादेखत कोणी उच्चारले तर त्याला तिथेच अडवावे.